फिल्टरचं टोपडं: दोन पावसाळे वापरून

टोपडं हा शब्द आमच्या टेलरकाकांचा. मी त्यांच्या मशीनवर माझ्या मोटरसायकलचा कोन फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा शंकूसारखा फिल्टर, ठेवला आणि म्हटलं, काका, ह्याच्या मापाची टोपी शिवायची, खाली इलॅस्टिक. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फिल्टर हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "हे बारशाचं टोपडं हाय व्हय रं? पोराचं डोस्कं कुठाय?" तेव्हापासून घरी, वर्कशॉपमध्ये, मित्रांत, सगळीकडे ह्या वस्तूला टोपडंच म्हणतात. विकणारे तिला प्री-फिल्टर म्हणतात.

वस्तू साधी आहे. बारीक विणीचं पॉलिएस्टर, त्यावर पाणी झटकणारा लेप, तळाशी इलॅस्टिक. उघड्या कोन फिल्टरवर मोज्यासारखी चढवायची. हवा आत जाईल, पाणी बाहेर राहील, असं सांगतात. मी मागवलेलं परदेशी कंपनीचं होतं, कुरिअर आणि कस्टम धरून ३,४०० रुपयांना पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि अशाच पिशव्या आणखी दोन-चार जण बनवतात. पाकीट उघडलं तेव्हा बायको शेजारी उभी होती. "माझा रेनकोट काखेत उसवलाय, तो दोन वर्षं दिसत नाही. गाडीच्या नाकाला मात्र साडेतीन हजाराचं टोपडं."

आता गाडीबद्दल, कारण तिच्याशिवाय ह्या परीक्षणाला अर्थ नाही. रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५०, त्यावर टर्बो, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. कोल्हापुरात उद्यमनगरला माझं लेथचं वर्कशॉप आहे, तेव्हा मॅनिफोल्ड, फ्लँज, ब्रॅकेट सगळं घरचंच. टर्बो जपानी, तिकडच्या ६६० सीसीच्या छोट्या केई मोटारींना लागतो तसला. ६४८ सीसीच्या इंजिनाला तो अंगासरसा बसतो. बूस्ट, म्हणजे टर्बो हवेला देतो तो जास्तीचा दाब, फक्त ०.४ बार ठेवला आहे, जास्तीचा हावरेपणा नाही. हे बदल आरसीत बसत नाहीत आणि मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम ह्याबाबतीत स्पष्ट आहे. त्यामुळे "कुठं बसवून मिळेल" असं मला विचारू नका. पण ज्यांनी कुठल्याही गाडीचा मूळ एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरचा बंद डबा, काढून उघडा फिल्टर लावलाय, त्यांना पुढचं सगळं लागू आहे. टर्बो असेल तर दुप्पट.

दुप्पट का? साधं इंजिन पाण्याचा थेंब ओढतं तेव्हा तो वाटेत कशावर आपटत नाही. टर्बोत आधी कंप्रेसरचं, म्हणजे हवा दाबणारं, चाक लागतं. चाळीस मिलिमीटरच्या आतलं अ‍ॅल्युमिनियमचं भिंगरीएवढं चाक, मिनिटाला दीड लाख फेऱ्या. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला तीनशे मीटरच्या जवळ जातो. त्या वेगाला थेंब थेंब राहत नाही, खडा होतो. एका दिवसात काही होत नाही, पण पावसाळ्यामागून पावसाळे पात्यांच्या कडा खात जातात. दुसरं म्हणजे ओढ. माझं इंजिन मूळचं ६,००० आरपीएमला सेकंदाला पंचवीस-तीस लिटर हवा घेत असेल, बूस्टवर ते चाळीस लिटरच्या घरात जातं. तेवढी हवा ओल्या, फुगलेल्या फिल्टरातून ओढायची म्हणजे चाकाच्या तोंडाशी चांगलीच पोकळी तयार होते, आणि मग हवा मिळत नाही म्हणून टर्बो तिसरीच गोष्ट ओढतो: स्वतःच्या बेअरिंगचं तेल. हे तेल अडवणारं सील रबराचं नसतं. बारीक पिस्टन रिंगसारखी कडी असते, आणि दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर तिचं काम चालतं. तो फरक उलटा झाला की तेल पाझरतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, धुरातून कळलं. त्याची गोष्ट अशी.

परदेशी टोपडं यायला महिना लागणार होता आणि जून तोंडावर होता. म्हणून मी टेलरकाकांकडे गेलो. कापड मीच नेलं होतं: छत्रीचं. माझा हिशेब असा की छत्रीतून पाणी येत नाही, मग फिल्टरला ह्याहून चांगलं काय? काकांनी कापड दोन्ही हातांत ताणलं, तोंडाला लावलं आणि फुंकर मारली. गाल फुगले, हवा गेलीच नाही. "ह्यातनं वारा जात न्हाई. गाडीचा जीव गुदमरंल की." मी म्हटलं, काका, तुम्ही शिवा. त्यांनी शिवलं. दीडशे रुपये.

वर्कशॉपवाला माणूस असल्यामुळे मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपला बारीक भोक पाडून निप्पल बसवला, त्याला सहा मिलिमीटरची पारदर्शक नळी जोडली, नळी यू आकारात वाकवून टाकीवर चिकटपट्टीने बसवली आणि तिच्यात नीळ घातलेलं पाणी भरलं. शेजारी पट्टी. फिल्टर जितका अडवेल तितकं एका बाजूचं पाणी वर चढेल. मोबाइल वर बांधून व्हिडिओ काढायचा आणि घरी येऊन चहा पीत आकडे बघायचे. स्वच्छ कोरडा फिल्टर, तिसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल: नऊ सेंटिमीटर.

मग छत्रीचं टोपडं चढवलं. शिये फाट्याच्या पुढे रस्ता मोकळा होता. तिसऱ्या गिअरला मूठ पिळली, बूस्टचा काटा अर्ध्यात अडकला, आणि नळीतलं निळं पाणी बघता बघता वर चढून नाहीसं झालं. इंजिनाने एक शिंक दिली आणि पुन्हा चालू लागलं. पाणी कुठे गेलं हे कळायला मला दोन सेकंद लागले. टर्बोने प्यायलं होतं. पावसापासून गाडी वाचवायच्या प्रयोगात कडक उन्हात मीच तिला पाणी पाजलं.

त्या रात्री हिशेब केला. नळीत सगळं मिळून पंधरा-सतरा मिलिलिटर पाणी होतं, म्हणजे तीन-एक चमचे. ह्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ९.५ ला १, म्हणजे पिस्टन हवेला साडेनऊपट दाबतो. एका सिलिंडरचे ३२४ सीसी, म्हणजे पिस्टन वर पोचला की उरणारी जागा जेमतेम ३८ सीसी. अर्धा कटिंग चहा म्हणा. एका सिलिंडरमध्ये एका वेळी तेवढं पाणी गेलं तर पिस्टनला जागाच उरत नाही, पाणी दाबलं जात नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो. माझं पाणी कमी होतं, शिवाय चाकाने त्याचा फवारा केला, म्हणून शिंकेवर भागलं. फवारा इंजिनाला सोसतो. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायर ह्या अमेरिकी टर्बो मोटारीत तर पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण मुद्दाम आत सोडायचे, ज्वलन थंड राहावं म्हणून. तेव्हा हवेतल्या धुक्याला, भुरभुरीला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते घोटाला.

आणि धूर? दुसऱ्या दिवशी गाडी चालू केली तर सायलेन्सरमधून निळसर धूर. पाइप काढला तर आत तेलाचा हात फिरवल्यासारखा थर. छत्रीच्या कापडाने दहा मिनिटांत केलेलं काम. सुदैवाने सील गेलं नव्हतं, पाइप पुसल्यावर धूर थांबला. काकांना सांगितलं नाही. त्यांना न सांगताच कळलं, कारण मी फिल्टर घेऊन परत त्यांच्याकडे गेलोच नाही.

परदेशी टोपडं आलं ते जुलैत. हातात घेतलं आणि पहिलं काम काय केलं असेल? तोंडाला लावून फुंकलं. हवा गेली, किंचित अडखळत, पण गेली. नळीवर आकडा बारा सेंटिमीटर. म्हणजे तीन सेंटिमीटरचा जास्तीचा अडथळा. चालवताना कळतही नाही, बूस्टचा काटा होता तिथेच. वरून मगाने पाणी ओतलं तर अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळलं. ओलं झाल्यावर चौदा. इथपर्यंत कंपनीला पैकीच्या पैकी गुण.

खरी परीक्षा गगनबावड्याच्या रस्त्यावर. आमच्या जिल्ह्यात पावसाची मिजास बघायची तर तिकडेच जायचं. त्या दिवशी सकाळी पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी एकतीस फुटांवर होती. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं, त्यामुळे एकतीस म्हणजे फिरायला हरकत नाही. फुलेवाडी ओलांडली तोवर भुरभुर, कळ्याच्या पुढे धो धो. शेतात रोपलावण चालू होती, ट्रॅक्टर चिखलाने माखलेली चाकं घेऊन डांबरावर चढत होते. रस्ता म्हणजे तांबड्या-काळ्या आमटीचं ताट. पुढे ट्रक असला की त्याच्या मागे वेगळाच पाऊस. मी बूस्टच्या काट्यावर डोळा ठेवून होतो. पहिले चाळीस-एक किलोमीटर काही नाही. नंतर काटा ०.४ वरून हळूहळू खाली. गगनबावड्यात चहाला थांबलो तेव्हा ०.२५ च्या वर जायला तयार नव्हता. म्हणजे पुन्हा गुदमरणं, पण इंजिनात पाणी नाही, धूर नाही.

चहाच्या टपरीखाली उकिडवं बसून टोपडं बघितलं. ह्या सगळ्या प्रकारात मला शिकायला मिळालं ते त्या दोन मिनिटांत. वरची बाजू, आकाशाकडची, स्वच्छ होती. दीड तासाचा धो धो पाऊस तिच्यावरून घरंगळून गेला होता. खालची, पुढच्या चाकाकडची बाजू तळहाताएवढ्या चिखलाने लिंपली होती, सारवल्यासारखी. माझा टर्बो इंजिनाच्या पुढे खाली आहे, म्हणजे फिल्टर पुढच्या चाकापासून वीतभर. मी आभाळातल्या पावसाची तयारी केली होती, आणि पाणी येत होतं खालून. चाक रस्त्यावरून उचलतं ते नुसतं पाणी नसतं, त्यात बारीक माती असते. टोपडं पाणी अडवतं म्हणजेच ती माती स्वतःवर घेतं. लेप पाण्याला झटकतो, चिखलाला नाही. टपरीवाल्याकडून तांब्याभर पाणी घेऊन टोपडं धुतलं, झटकलं, चढवलं. काटा परत ०.४ वर.

परतल्यावर उरलेला प्रयोग केला: मुद्दाम चिखल लावून नळीवर मोजलं. एकतीस सेंटिमीटर. नदीचे फूट आणि नळीचे सेंटिमीटर जुळले म्हणून पोरं अजून हसतात.

पुढचा बंदोबस्त टोपड्याचा नव्हता, पण त्याच्याशिवाय टोपड्याचं परीक्षण अर्धवट राहील. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, पुढच्या मडगार्डच्या शेपटीला दोन नट-बोल्टने लावला, जमिनीपासून वीतभर उंच राहील इतका. खर्च नट-बोल्टचा. दुसरं, ९० अंशांचा सिलिकॉन एल्बो आणि पाइपचा तुकडा टाकून फिल्टर वर नेला, टाकीखाली डाव्या अंगाला. हवा वळण घेऊन जाते, थेंब जड असतो, त्याला वळण जमत नाही, तो भिंतीवर आपटून खाली उतरतो. कंपनीच्या एअरबॉक्समध्ये हीच युक्ती असते, शिवाय तळाला पाणी निघायची नळी. एका मित्राने सुचवलं, एल्बोला खालून भोक पाड, पाणी साचलं तर निघून जाईल. अजिबात पाडू नका. फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये पाडलेलं भोक म्हणजे फिल्टरच नाही, धूळ सरळ चाकावर. माझा नळीचा निप्पलसुद्धा आता बूच लावून बंद आहे.

रबराची पट्टी लावल्यावरच्या पहिल्याच गगनबावडा फेरीत टोपडं तळहाताऐवजी दोन बोटांएवढंच मळलं. बूस्ट शेवटपर्यंत होता तिथे. ३,४०० रुपयांच्या वस्तूला फुकटच्या रबराने जागेवर आणलं, हे कंपनीला आवडणार नाही, पण आहे ते असं आहे.

आता कुरकुर. पहिली, माप. जाहिरातीत फिल्टरची उंची आणि दोन व्यास विचारतात, पण तळाचा व्यास क्लॅम्पसकट (फिल्टर पाइपवर आवळणारी पट्टी) मोजायचा की क्लॅम्पशिवाय, हे कुठे लिहिलेलं नाही. मी क्लॅम्पशिवाय मोजला. टोपडं चढलं, पण क्लॅम्पच्या स्क्रूवर इलॅस्टिक ताणून बसलं आणि तिथेच पहिलं झिजलं. विचारणा केली तर उत्तर आलं की नवीन घ्या. दुसरी, शिवण. कापड पाणी अडवतं, शिवणीतून ओल झिरपते. आतून बोट फिरवलं की दोऱ्याच्या रेषेवर ओलसर लागतं. थेंब पडत नाहीत, तरी ह्या पैशात शिवणीवर पट्टी हवी होती. म्हणून मी शिवण नेहमी मागच्या बाजूला फिरवून घालतो. तिसरी कुरकुर माझ्याच चुकीची: फिल्टर खाली होता तेव्हा टर्बोच्या गरम बाजूकडची कड काळपट होऊन आखडली. पॉलिएस्टर आहे ते, बिडाच्या तापलेल्या घराशेजारी किती टिकणार? उष्णता अडवणारा पत्रा आणि वीतभर अंतर हवंच.

धुण्याबद्दल कंपनी म्हणते साबणाचं पाणी. मी थंड पाणी, शॅम्पूचा थेंब, ब्रश नाही, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. एवढं जपूनही सात-आठ धुण्यांनंतर पाणी घरंगळायचं थांबलं आणि कापड भिजायला लागलं. तंबू-रेनकोटवर मारायचा पाणीरोधक स्प्रे मारल्यावर परत पहिल्यासारखं झालं, पण फार मारू नका. एकदा मी उदार हाताने मारला आणि फुंकर जाईना. आता प्रत्येक वेळी काकांची चाचणी. फिल्टर तेल लावायच्या कापसाचा असेल तर तेल मोजकंच लावा, नाहीतर ते टोपड्यात उतरतं आणि त्याचा माशा पकडायचा चिकट कागद होतो, उडती प्रत्येक गोष्ट चिकटते.

कुणी घ्यावं? गाडीचा मूळ एअरबॉक्स जागेवर असेल तर ह्यावर रुपया घालवू नका. डब्यात बंद असलेल्या फिल्टरला टोपडं म्हणजे घरात छत्री. १९८०च्या दशकात होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी ह्या चौघांनी टर्बोच्या मोटरसायकली काढल्या, १९८२ च्या होंडा सीएक्स५०० टर्बोपासून १९८४ च्या कावासाकी ७५० टर्बोपर्यंत, आणि फिल्टर डब्यातच ठेवले. ते येडे नव्हते. उघडा फिल्टर असेल, तो चाकापासून लांब आणि उंच असेल, पुढे रबर लावलेलं असेल, तर मात्र पावसाळ्यात टोपडं असावंच. बाटली कापून ढालीसारखी लावणारेही आहेत. मागची बाजू उघडी ठेवली तर तीही वाईट नाही, फक्त दिसते बाटली कापून लावल्यासारखी.

आणि कुणालाच ज्याचा उपयोग नाही ते म्हणजे साचलेलं पाणी. मांडुकलीजवळ नदी रस्त्यावर आली की मी गाडी वळवतो. एकदा मागून जीप बिनधास्त घुसली, तिच्या लाटेने माझी चाकं अर्धी बुडाली आणि मी तसाच इंजिन बंद करून ढकलत मागे आलो. बुडालेल्या फिल्टरवर टोपडं असलं काय नि नसलं काय, तिथून हवा येतच नाही, पाणीच येतं, आणि तेही घोटाघोटाने.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण शिवणीला कापला, अर्धा मापाच्या घोळाला, अर्धा किमतीला.

दुसऱ्या पावसाळ्यात इलॅस्टिक पार सैल झालं. टोपडं घेऊन शेवटी काकांकडे गेलोच. त्यांनी ते उलटं केलं, शिवण बघितली, तोंडाला लावून फुंकलं आणि मान हलवली. "हां. ह्यो वारा सोडतोय." मग इलॅस्टिक उसवून लेंग्याची नाडी ओवून दिली, वीस रुपये. छत्रीच्या कापडाबद्दल अवाक्षर काढलं नाही. नाडीला मी सुरगाठ मारतो, धुताना पटकन सुटते, आणि घाटात अजून एकदाही सैल झालेली नाही.